गिअरबॉक्सला खबर देणाऱ्या तारा

१९७० सालच्या शेव्हरलेट शेव्हेलमधल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला गिअर बदलायला वीज लागत नसे. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा डबा. लिव्हरकडून येणारी सळई, कार्ब्युरेटरकडून येणारी किकडाउन केबल आणि इनटेक मॅनिफोल्डवरून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, एवढाच त्याचा बाकीच्या गाडीशी संबंध. पुढचं सगळं तेल सांभाळायचं. मागच्या शाफ्टवर फिरणारा गव्हर्नर वेगाप्रमाणे तेलाचा दाब वाढवायचा, व्हॅक्यूमच्या नळीच्या टोकाला बसलेला मॉड्युलेटर इंजिनवर किती भार आहे ते दाबाच्याच भाषेत सांगायचा, आणि व्हॉल्व्ह बॉडीत हे दोन दाब समोरासमोर आले की ज्याचा जोर जास्त त्याच्या बाजूने व्हॉल्व्ह सरकून गिअर पडायचा. ज्यांनी हे यंत्र आखलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. वेग आणि भार यांचा हिशेब त्यांनी स्प्रिंगा आणि छिद्रांच्या मापांत बसवला, आणि तो वर्षानुवर्षं बिनचूक चालला.

हे पुस्तक त्याच गाडीत ४एल६०ई हा इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स बसवण्याविषयी आहे, आणि त्यातही फक्त वायरिंगविषयी. डबा टनेलमध्ये कसा मावतो, क्रॉसमेंबर किती सरकवावा लागतो, प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागतो का, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. वायरिंगची वेळ आली की मात्र ‘तारा जोडून घ्या’ एवढ्यावर भागवलं जातं. जुन्या डब्याला इंजिनचा भार नळीतून थेट जाणवायचा. नव्या डब्याला आपणहून काहीच जाणवत नाही. एक्सिलरेटर किती दाबलाय, गाडी किती वेगाने चाललीय, ब्रेकवर पाय आहे का, यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या कंट्रोलरला कुठल्या ना कुठल्या तारेने कळवावी लागते. खबर चुकीची गेली की चांगल्यातला चांगला डबाही चुकीच्या वेळी चुकीच्या दाबाने गिअर टाकतो आणि आतले क्लच जळतात. मग डबा खाली उतरवला जातो, खोलला जातो, नवे क्लच पडतात, आणि मूळ दोष फायरवॉलजवळच्या एखाद्या सैल जोडात तसाच राहतो. हे टाळता येतं, म्हणून हा खटाटोप.

डब्याचा वंश थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक दिला. मोठ्या संख्येने बनलेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९८२ च्या मॉडेलांमध्ये ७००आर४ आला: चार गिअर, त्यातला चौथा ओव्हरड्राइव्ह, आणि लॉक होणारा टॉर्क कन्व्हर्टर. त्याचंच पुढे ४एल६० असं नामकरण झालं, आणि १९९३ पासून त्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती, ४एल६०ई, आधी पिकअप ट्रकांत व मग बाकीच्या गाड्यांत दिसू लागली. पोटातले गिअर जवळपास तेच राहिले. गव्हर्नर आणि थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल गेली, त्यांच्या जागी सोलेनॉइड आले. फोर्डनेही आपल्या एओडी डब्याचं असंच रूपांतर केलं. मी ४एल६०ई निवडला, कारण अमेरिकेत तो भंगारवाल्याकडेही सहज मिळतो आणि त्याची अंतर्रचना सर्वज्ञात आहे. तर्क मात्र कुठल्याही इलेक्ट्रॉनिक डब्याला लागू पडेल.

एवढा उपद्व्याप करायचा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर हायवेवर मिळतं. ३.७३ रेशोचा मागचा ॲक्सल आणि २६ इंच व्यासाचे टायर असलेली गाडी ताशी ११० किलोमीटरने चालली असेल, तर तीन गिअरच्या डब्यात इंजिन मिनिटाला सुमारे ३३०० फेरे घेतं, शिवाय कन्व्हर्टरची घसरण वेगळी. चौथ्या गिअरचा रेशो ०.७० आहे. त्यात तेच इंजिन २३०० वर येतं, आणि कन्व्हर्टर लॉक झाला की घसरण संपते, तेल तापायचं कमी होतं. गाडीत बसून शेजारच्याशी शांतपणे बोलता येतं. पहिला गिअर ३.०६ चा असल्याने सिग्नलवरून निघताना गाडी आधीपेक्षा चपळ वाटते, तेही वेगळंच.

हे सगळं ७००आर४ मध्येही मिळतं, आणि त्याला कॉम्प्युटर लागत नाही. ज्याला तारांना हात लावायचा नाही त्याने तोच घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण त्या डब्यात तेलाचा दाब थ्रॉटल व्हॉल्व्हच्या केबलवर अवलंबून असतो. केबल सैल बसली तर दाब कमी पडतो, आणि वरचे क्लच घसरत घसरत जळतात. दुसऱ्याच कंपनीचा कार्ब्युरेटर बसवलेल्या गाडीत त्या केबलची भूमिती जुळवणं हेही कसबाचं काम आहे. इलेक्ट्रॉनिक डब्यात तीच जुळवाजुळव आकड्यांत करता येते, आणि चुकलं तर आकडा बदलता येतो.

आता आत काय असतं ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डब्याच्या उजव्या अंगाला, ऑइल पॅनच्या वर, एक गोल कपलर असतो. त्याच्या प्रत्येक पिनला इंग्रजी अक्षर दिलेलं आहे. ‘ई’ पिनवर फ्यूजमधून बारा व्होल्ट येतात आणि आतल्या बहुतेक सोलेनॉइडांना वाटले जातात. कंट्रोलर त्यांना करंट पुरवत नाही, तो त्यांची दुसरी बाजू अर्थ करतो. ‘ए’ आणि ‘बी’ या पिना गिअर बदलणाऱ्या दोन सोलेनॉइडांच्या. दोन्ही चालू असले की पहिला गिअर. ‘ए’ बंद झाला की दुसरा. दोन्ही बंद झाले की तिसरा. नुसता ‘ए’ परत चालू झाला की चौथा. ‘सी’ आणि ‘डी’ या जोडीवर दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड, आणि त्याची चाल उलटी आहे: त्यातून करंट वाहत नसेल तेव्हा तेलाचा दाब सर्वात जास्त, आणि सुमारे १.१ अँपिअर वाहत असेल तेव्हा सर्वात कमी. याशिवाय लॉक-अपचे सोलेनॉइड, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना लागणारा एक सोलेनॉइड, तेलाचं तापमान सांगणारा सेन्सर, आणि लिव्हर कुठल्या जागी आहे ते ओळखणारा प्रेशर स्विचचा संच.

ही मांडणी करणाऱ्यांनी वीज गेली तर काय होईल याचा विचार आधीच करून ठेवलाय. फ्यूज उडाला, कपलर सुटला, काहीही झालं तरी दोन्ही सोलेनॉइड बंद, म्हणजे तिसरा गिअर. करंट नाही, म्हणजे दाब पूर्ण. गाडी जड निघेल, लिव्हर ‘डी’त टाकताना दणका बसेल, पण क्लच घसरणार नाहीत आणि माणूस घरी पोचेल. हे लक्षण पाठ करून ठेवावं. बदलानंतर गाडी सुस्त निघतेय आणि ‘डी’त टाकताना आपटतेय, अशी तक्रार आली की डब्यावर संशय घेण्याआधी ‘ई’ पिनवर व्होल्टेज आहे का ते बघायचं.

बारा व्होल्ट कुठून घ्यायचे, इथूनच जुन्या गाडीतली अवघड वाट सुरू होते. प्लॅटिनम पॉइंटच्या इग्निशनच्या गाडीत कॉइलला जाणारी तार समोरच दिसते, चावी फिरवली की तिच्यात करंट येतो, आणि हात आपसूक तिच्याकडे जातो. ती तार साधी नसते. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत ती मुद्दाम रेझिस्टन्सची असते, म्हणजे पॉइंट जळू नयेत. इंजिन चालू असताना तिच्या टोकाला पूर्ण बारा व्होल्ट मिळत नाहीत, आणि त्यावर कंट्रोलर टांगला तर तो कधी शुद्धीत तर कधी बेशुद्ध. दुसरी सोपी वाटणारी जागा म्हणजे रेडिओ-हीटरची लाइन. ती पूर्ण व्होल्टेज देते, पण सेल्फ मारताना इग्निशन स्विच ती लाइन तोडतो. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन सुरू होत असताना कंट्रोलर बंद पडून पुन्हा जागा होणार. हवी ती तार अशी: चावी ‘ऑन’ असतानाही जिवंत आणि सेल्फ मारतानाही जिवंत, मध्ये रेझिस्टन्स नाही. ती इग्निशन स्विचच्या मागे, मल्टीमीटरने, दोन्ही स्थितींत मोजूनच ठरवायची. रंगावर विसंबू नये. पन्नास वर्षांत त्या डॅशबोर्डखाली कोणकोण हात घालून गेलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. तिच्यावरून रिले चालवावा, आणि रिलेला बॅटरीपासून फ्यूज घालून स्वतंत्र जाड तार द्यावी.

अर्थिंगबद्दल मी हट्टी आहे. जुन्या गाडीत बॉडीचा पत्रा हाच परतीचा मार्ग, आणि दिवे, हॉर्न, वायपर यांना तो पुरतो. पण कंट्रोलर थ्रॉटलच्या सेन्सरवरचे पाव-अर्धा व्होल्टचे फरक वाचत असतो. गंजलेल्या बोल्टखालून परतणारा करंट तेवढा फरक सहज पाडतो. म्हणून कंट्रोलरची अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा इंजिन ब्लॉकवर खरवडून साफ केलेल्या जागी, आणि सेन्सरांची अर्थ कंट्रोलरच्याच सेन्सर-अर्थ पिनला. ती बाहेर कुठे बॉडीला टेकवायची नाही. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पंखा चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि कंट्रोलरची अर्थ यांच्यामध्ये मीटर धरा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली असला पाहिजे. जास्त आला तर पुढचं काम थांबवून आधी हे निस्तरा.

एक्सिलरेटरची खबर थ्रॉटल पोझिशन सेन्सर देतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तो असतोच. कार्ब्युरेटरला तो ब्रॅकेट करून बाहेरून जोडावा लागतो. सेन्सरला पाच व्होल्ट जातात आणि परत येणारा आकडा बंद थ्रॉटलला अर्धा-पाऊण व्होल्ट, पूर्ण उघड्या थ्रॉटलला चार-साडेचार. थ्रॉटलची बटरफ्लाय आणि सेन्सर यांच्यामधली जोडसळई थोडीही हलत असेल तर तोच पाय, तीच जागा, आणि आकडा मात्र दर खेपेला निराळा. कंट्रोलर दाब ठरवतो तो मुख्यतः या आकड्यावरून, म्हणून या ब्रॅकेटवर घालवलेला वेळ कधीही वाया जात नाही.

वेगाची खबर डब्याच्या शेपटीकडून येते. मागच्या शाफ्टवर ४० दात्यांची चकती असते, आणि प्रत्येक दाता समोरून गेला की सेन्सरच्या गुंडाळीत विजेची एक लाट उठते. वरच्या उदाहरणातली गाडी ताशी ११० ने जात असताना सेकंदाला सुमारे २२०० लाटा. गाडी रांगत असते तेव्हा त्या लाटा फार क्षीण असतात, आणि स्पार्क प्लगच्या वायरींचा उपद्रव तिथेच होतो. रेसिंगच्या हौसेने धातूच्या गाभ्याच्या प्लग वायरी घातल्या असतील, आणि सेन्सरच्या तारा त्यांच्या जवळून नेल्या असतील, तर कंट्रोलरला उभ्या गाडीतही वेग दिसू लागतो. सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्यायच्या, प्लग वायरींपासून लांब, आणि प्लग वायरी सप्रेशनच्याच वापरायच्या. स्पीडोमीटरचाही प्रश्न इथेच येतो. या डब्यात केबल फिरवणारा गिअर नाही. मूळ काटा जपायचा असेल तर सेन्सरच्या सिग्नलवर मोटरने केबल फिरवणारी पेटी लागते, आणि मला ती आवडते, कारण डॅशबोर्डचा चेहरा तसाच राहतो.

ब्रेकच्या तारेला लोक किरकोळ समजतात. ब्रेक दाबला की कन्व्हर्टरचा लॉक सुटला पाहिजे, यासाठी ती हवी. आता मागच्या दिव्यांपर्यंत लूम नेलेलाच आहे, तर डिकीतून ब्रेकच्या दिव्याची तार घेऊ, असं मनात येतं. पण त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेकचा आणि इंडिकेटरचा बल्ब एकच. ब्रेकचा करंट पेडलवरच्या स्विचमधून आधी स्टिअरिंगवरच्या इंडिकेटर स्विचमध्ये जातो आणि तिथून मागे. म्हणजे डिकीतून तार घेतली, तर हायवेवर लेन बदलताना इंडिकेटर जितक्या वेळा उघडझाप करेल तितक्या वेळा कंट्रोलरला वाटेल की ब्रेक दाबला, आणि कन्व्हर्टर लॉक सोडत-धरत बसेल. गाडीला झटके बसू लागतील आणि कारण गिअरबॉक्समध्ये शोधलं जाईल. तार घ्यायची ती पेडलच्या स्विचवरून, इंडिकेटर स्विचच्या अलीकडून. आणखी एक: कारखान्याचाच कॉम्प्युटर वापरत असाल, तर नव्वदच्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या कॉम्प्युटरला पेडल मोकळं असताना बारा व्होल्ट हवे असतात आणि दाबल्यावर ते तुटायला हवेत. जुन्या स्विचची रीत याच्या बरोबर उलटी. तिथे रिले मध्ये घालावा लागतो.

सगळ्यात गंभीर तार या डब्याच्या कामासाठी लागतच नाही, म्हणून ती शेवटी आठवते. सेल्फकडे जाणारी जांभळी तार न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून जाते, म्हणजे लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये असेल तरच इंजिन सुरू व्हावं. जुन्या लिव्हरची घरं तीन गिअरच्या डब्यासाठी आखलेली. नव्या डब्यात एक घर वाढतं आणि घरांमधलं अंतर बदलतं. लिव्हर ‘एन’वर दिसतोय आणि डबा रिव्हर्समध्ये आहे, असं होऊ शकतं, आणि त्या स्थितीत सेल्फ लागला तर गाडीमागे उभं असलेल्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. मी कळकळीने सांगतो, गाडी स्टँडवर उचलून, चाकं मोकळी ठेवून, लिव्हरच्या प्रत्येक घरात सेल्फ मारून बघा. दोनच घरांत लागला पाहिजे. हे तपासल्याशिवाय गाडी कोणाच्या हाती देऊ नये. स्विच काढून तारा थेट जोडलेली गाडी समोर आली तर आधी तो जोड तोडावा.

हातकामाविषयी पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, इथे थोडंच. सोल्डर केलेला जोड टेबलावर देखणा दिसतो, पण डब्याजवळ सतत थरथर असते, आणि सोल्डर जिथपर्यंत तारेत चढलेलं असतं तिथे तार कडक होऊन तुटते. योग्य मापाचा लग, योग्य पक्कड आणि वरून चिकट अस्तराची हीटश्रिंक नळी, हे टिकतं. सायलेन्सरच्या पाइपाशेजारून लूम नेऊ नये, आणि पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवाच. कपलरची ओ-रिंग नवी घालावी. मर्सिडीजच्या ७२२.६ या डब्यात कपलर गळू लागला की तेल तारांच्या आतून चढत थेट कंट्रोलरपर्यंत पोचतं, हे त्या गाड्यांवर काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. ज्या गाडीत इंजिनही नवं, कॉम्प्युटरवालं बसवलंय, तिथे एकच कॉम्प्युटर इंजिन आणि डबा दोन्ही सांभाळतो. त्या लूमची गोष्ट निराळी, ती इथे घेतलेली नाही.

मराठीत हे लिहिण्याचं कारण साधं आहे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून जवळजवळ दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, आणि त्याच्या आसपास, ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्समध्ये, गाड्यांच्या उद्योगात काम करणारी मराठी घरं आहेत. त्यातल्या ज्यांनी जुनी गाडी घेतली असेल किंवा घ्यायचं मनात असेल, त्यांच्यासाठी हे आहे. भारतातल्या वाचकाला मात्र स्पष्ट सांगायला हवं: मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरबदल मनाने करता येत नाही. पुण्या-मुंबईच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला या पुस्तकाचा उपयोग वेगळ्या वाटेने होईल. त्याच्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गाडीत सोलेनॉइड, वेगाचा सेन्सर, ब्रेकचा स्विच आणि अर्थिंग यांचं नातं हेच असतं, आणि डबा उतरवायचा की तार शोधायची हा निर्णय गिऱ्हाइकाच्या खिशाला लागतो.

वाचताना हाताशी मल्टीमीटर असू द्या. टेस्ट लॅम्पही लागेल, पण तो फक्त फ्यूज आणि बॅटरीच्या बाजूला. कंट्रोलरच्या सेन्सर तारांना तो लावायचा नाही, त्याचा बल्ब जास्त करंट ओढतो. गाडीवर कुठेही वेल्डिंग करण्याआधी कंट्रोलर काढून बाजूला ठेवायचा. आणि नवा-जुना कसलाही डबा विकत घेताना, तो जमिनीवर असतानाच, गोल कपलरच्या पिना मोजायच्या: ‘ई’ आणि ‘ए’मध्ये, तसंच ‘ई’ आणि ‘बी’मध्ये २० ते ३० ओहम, ‘सी’ आणि ‘डी’मध्ये साधारण ४ ओहम, आणि यांतल्या कुठल्याही पिनचा डब्याच्या धातूच्या कवचाशी संबंध नाही. ते आकडे कागदावर उतरवून ठेवा. पहिल्या प्रकरणात आपण इग्निशन स्विचच्या मागचा कपलर उघडणार आहोत. बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा आणि डॅशबोर्डखाली नीट उजेड पडेल असा दिवा लावून घ्या.